थोरलीचं वय

नोटीस आली ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला. दोकशिम तेव्हा साडेसातशे पोरांच्या कोंबडीच्या रश्श्यापुढे उभी होती. कढई एवढी, की आत माणूस बसून अंघोळ करील, आणि हातातला कालथा होडीच्या वल्ह्याएवढा. शाळेच्या कार्यालयातले कू साहेब स्वयंपाकघराच्या दारातच थांबले, कारण आत यायचं तर रबरी बूट चढवावे लागतात. लिफाफा त्यांनी तिथूनच हलवून दाखवला.

"काकू, सही हवी होती."

"हात बघा माझे. ठेवा तिथं कुठंतरी."

"ठेवून चालणार नाही. सही लागते, नियम आहे."

दोकशिमनं कालथा ओकनानच्या हातात दिला, हातमोजे काढले आणि दारात जाऊन कागद वाचला. दहा जुलैला आपणांस साठ वर्षं पूर्ण होत आहेत, सबब एकतीस ऑगस्टला आपली सेवा समाप्त होईल, आजवरच्या सेवेबद्दल शाळा आपली ऋणी आहे. खाली मुख्याध्यापकांचा लाल शिक्का.

"मला साठ नाही पूर्ण होत जुलैमध्ये," ती म्हणाली.

कू साहेब हसले. "सगळ्यांना असंच वाटतं काकू. मलासुद्धा अजून पस्तिशीचाच आहे असं वाटतं."

"वाटायचा प्रश्न नाही. मला अठ्ठावन्न पूर्ण होतील, तेही एप्रिलमध्ये. कागदावर आहे ते माझ्या थोरल्या बहिणीचं वय आहे."

कू साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि पेन पुढे केलं. "ते तुम्ही नंतर बघा. आत्ता पोच तेवढी द्या."

तिनं सही केली. करायला नको होती, असं नंतर कितीदा तरी वाटलं, पण मागे रस्सा खाली लागत होता.

यात लपवलेलं काही नव्हतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोकशिमच्या आधी एक मुलगी झाली होती, चौसष्ट साली, तिचं नाव दोकशिम. ती पुरती दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा गोवरानं गेली. मग सहासष्टच्या वसंतात ही जन्मली. वडिलांनी ना थोरलीचा मृत्यू नोंदवला, ना हिचा जन्म. थोरलीचा कागद होता, तोच हिला चिकटला, नावासकट, तारखेसकट. तेव्हा खेड्यापाड्यांत असं पुष्कळ घरांत व्हायचं. पण त्यापायी ती शाळेत दोन वर्षं उशिरा बसली, आणि हजेरीत वर्गातली सगळ्यांत मोठी निघाली. पोरं तिला "म्हातारी" म्हणून हाका मारायची. उंचीनं ती सगळ्यांत बुटकी होती, तरीही.

त्या दिवशी भांडी घासताना तिनं ओकनानला सगळं सांगितलं. ओकनान पासष्ट सालातली. बारा वर्षं दोघी एका कढईवर.

"थांब थांब," ओकनान म्हणाली, "म्हणजे मी तुझ्याहून एक वर्षानं मोठी?"

"हो ना."

"आणि बारा वर्षं मी तुला ताई म्हणतेय? सणाला वाकून नमस्कार करतेय? बसमध्ये उठून जागा देतेय?"

"जागा कधी दिलीस गं?"

"एकदा दिली होती! परत कर आधी ती!" असं म्हणून तिनं पाण्याची नळी दोकशिमच्या बुटांवर धरली. दोघी पोट धरून हसल्या. मग ओकनाननंच नळी बंद केली. "पण ताई, तू गेलीस तर आम्ही पाचच राहतो गं."

खरं तेच होतं. सुनचॉन शहरातल्या त्या शाळेत आठ बायका हव्यात असा हिशेब, आणि होत्या सहा. दोन जागांची जाहिरात तीनदा निघाली, एकही अर्ज आला नाही. कोण येणार? तळणाचा धूर छातीत जातो, खांदे निकामी होतात, आणि साडेअकराला जेवण लागलं नाही तर साडेसातशे पोरं ताटं बडवतात. जिथं माणूस मिळत नाही, तिथून जे टिकलंय त्याला काढायचं, आणि तेही दुसरीच्या वयावर. याचाच दोकशिमला संताप येत होता. एकोणीस वर्षं तिनं एकही सकाळ चुकवली नव्हती, नवरा गेला तेव्हाचे तीन दिवस सोडले तर. पेन्शन सुरू व्हायला अजून तीन वर्षं. मधल्या काळात साठीच्या बाईला काय मिळतं ते शेजारपाजारच्या बायका सांगत होत्याच: इमारतींचे जिने पुसणं, नाहीतर आपल्याहून थोड्या म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालणं.

मुलगी, दासोम, फोनवर म्हणाली, "आई, सोड ना. बस झालं काम. तुझा खांदा रात्री झोपू देत नाही, तूच सांगतेस."

"खांदा माझा आहे. तो काय म्हणतो ते मी बघते. पण वय तरी माझं धरा ना!"

"शिवाय मी बघितलं नेटवर, तारीख बदलली तर पेन्शन त्रेसष्टऐवजी चौसष्टला सुरू होईल. वर वयही दोन वर्षं मागं, म्हणजे तीन वर्षं पुढं. तुझंच नुकसान."

"म्हणजे खरं बोललं की इकडून मार, खोटं राहू दिलं की तिकडून."

"मी काय म्हणतेय, शांतपणे विचार कर."

"अठ्ठावन्न वर्षं शांतच होते," असं म्हणून दोकशिमनं फोन ठेवला.

*

न्यायालयाचे अर्ज लिहून देणारे जी म्हणून एक गृहस्थ होते, स्वतःच चौऱ्याहत्तरचे. नाकावरचा चष्मा वर ढकलत त्यांनी यादी केली. प्राथमिक शाळेचं रजिस्टर. जन्म प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं निवेदन. हॉस्पिटलातून वयाची तपासणी.

"तुम्हाला कोणी नाही काढत का हो कामावरून?" तिनं विचारलं.

"मला काढायला मीच पाहिजे," ते म्हणाले, "आणि माझं माझ्याशी पटतं."

शाळेच्या रजिस्टरात एक ओळ सापडली: "वाढ खुंटलेली असल्याने प्रवेश दोन वर्षे पुढे ढकलला." जींनी ती पेन्सिलीनं अधोरेखित केली, पण मान हलवली. "यावरून न्यायाधीश म्हणतील, मुलगी अशक्त होती. लहान होती असं यात कुठं आहे? जन्म पाहिलेलं माणूस हवं, बाई. आहे कोणी जिवंत?"

होती. गोहुंग जिल्ह्याच्या पार टोकाला, समुद्राच्या कडेला, वडिलांची बहीण. शहाऐंशी वर्षांची.

मे महिन्यातल्या रविवारी दोकशिम दोन बस बदलून गेली. आत्या घरात नव्हती. वावरात होती, चाकं लावलेल्या छोट्या बैठकीवर बसून ओळीओळीनं सरकत लसूण उपटत होती. पाठ इतकी वाकलेली, की उभी राहिली तरी बसलेलीच वाटायची.

"कशाला आलीस गं? सण नाही, कोणी मेलं नाही," आत्या मान वर न करता म्हणाली. "आलीसच आहेस तर ती ओळ धर."

दोकशिमनं ओळ धरली. उपटता उपटता सगळं सांगितलं. आत्यानं ऐकलं, आणि मातीनं भरलेला लसणाचा गड्डा तळहातावर झटकत म्हणाली, "साठाव्या वर्षी घरी बसवतात? आणि मग माणसानं करायचं काय?"

"तेच तर. तू कधी थांबणार आहेस आत्या?"

"मला थांबवायला इथं नोटीस घेऊन कोण येतंय? आलाच कोणी, तर त्यालाही एक ओळ धरायला लावीन."

दोकशिमनं पिशवीतून निवेदनाचा कागद काढला. जींनी लिहून दिला होता. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं वाचून दाखवला. 'माझा भाऊ, आडनाव मा, याने शासनास खरी माहिती न देता' इथपर्यंत आली, आणि आत्याचा हात थांबला.

"हे खोड."

"आत्या, तसं लिहावंच लागतं. काय झालं ते सांगायला नको?"

"माझ्या मेलेल्या भावाला खोटारडा म्हणू? सरकारदरबारी? अंगठा लावून?"

"पण त्यांनी नाहीच ना सांगितलं खरं! कंटाळा केला. एक चक्कर मारायचा कंटाळा! एवढंसं काम, ते केलं असतं तर आज मी अशी दारोदार..." तिचा आवाज चढला. वावरापलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

आत्यानं तिच्याकडे बघितलं. "तुला काय माहीत," एवढंच म्हणाली, आणि पुढच्या गड्ड्याला हात घातला.

शेवटी ते वाक्य खोडलं. राहिल्या दोन ओळी: दोकशिम दोन वर्षांनी लहान आहे, हे मला ठाऊक आहे. आत्यानं अंगठा लावला, तोही मातीचा. निघताना लसणाची एक जुडी तिच्या गळ्यात अडकवून म्हणाली, "बसमध्ये वास येतो म्हणून कुरकुरतील. कुरकुरू दे."

*

हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता, दासोमच्या वयाचा. दात बघितले. मग दोन्ही हातांचे फोटो काढले आणि पडद्यावर लावले. आपली हाडं अशी उजेडात टांगलेली बघून दोकशिमला कसंतरीच झालं. बोटांचे सांधे गाठी मारल्यासारखे जाड दिसत होते.

"काय काम करता तुम्ही?"

"शाळेत स्वयंपाक."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

डॉक्टरनं ओठ मुडपले. "काकू, स्पष्ट सांगू? मोठ्या माणसाचं वय हाडांवरून नेमकं काढता येत नाही. अंदाज फक्त. आणि तुमचा हा हात... हा सत्तरीचा आहे."

"हात माझाच आहे ना? मग माझ्याएवढाच असणार."

"तसं नाही. झीज बघून..."

"ती झीज कामानं झालीय. मी काम करू शकते म्हणून तर झालीय!"

"मला मान्य आहे. पण मी जे दिसतं तेच लिहिणार ना." त्यानं खरंच तेच लिहिलं: 'साठ ते सत्तरच्या दरम्यान असण्याची शक्यता.' दोकशिम तो कागद घेऊन हॉस्पिटलाच्या पायऱ्यांवर कितीतरी वेळ बसून राहिली. दोन वर्षं परत मागायला आली होती, वर दहा चिकटवून घेऊन चालली होती. आजूबाजूनं लोक येत-जात होते. हा कागद फाडून टाकावा असं दहादा मनात आलं, पण जींनी सांगून ठेवलं होतं, की हॉस्पिटलचा अहवाल थेट न्यायालयात जातो. फाडून उपयोग नव्हता.

जुलैच्या शेवटी निकाल आला. अर्ज नामंजूर. नातेवाइकाचं दोन ओळींचं निवेदन पुरेसं नाही, वैद्यकीय अहवालाचा आधार मिळत नाही. जी म्हणाले, वर दाद मागता येते. "मागा," ती म्हणाली. तिच्या आवाजात एवढा राग होता, की जींनी चष्माच काढून ठेवला.

ऑगस्टच्या तीस तारखेला निरोप झाला. शाळेनं फुलांचा गुच्छ दिला, पोरांनी कार्डं बनवली. एका कार्डावर चौथीतल्या मुलीनं लिहिलं होतं, "आजी, आता आराम करा, डुकराच्या मांसाची भाजी खूप छान व्हायची." मुख्याध्यापकांनी भाषण केलं. साठी म्हणजे दुसऱ्या आयुष्याची सुरुवात, वगैरे. दोकशिम समोर बघत उभी होती. पहिलं माझं अजून संपलेलं नाही, हे तिला ओरडून सांगायचं होतं. पण टाळ्या वाजायला लागल्या, आणि ती वाकून नमस्कार करून खाली आली.

*

चार सप्टेंबरला, म्हणजे घरी बसून पाच दिवसही झाले नव्हते, फोन वाजला. शाळेच्या आहारतज्ज्ञ सॉल बाई. तिशीतली मुलगी, दिवसभर तक्ते आणि उष्मांक मोजणारी, पण मनानं वाईट नाही.

"काकू, कशा आहात? जरा एक विनंती होती. ओकनानताईंचा खांदा गेला, ऑपरेशन सांगितलंय. चार जणींवर चाललंय सगळं. तुम्ही बदली म्हणून येता का? रोजच्या रोज बोलवू."

दोकशिमला आधी नीट कळेना. "बदली? कुणाच्या जागी?"

"म्हणजे... आपल्याच स्वयंपाकघरात."

"माझ्याच जागी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"बाई, मला साठ झाली म्हणून काढलं ना?"

"हो काकू, पण ते कायमच्यांना. बदलीवाल्यांना पासष्टपर्यंत चालतं."

"म्हणजे कढईला कळतं का, कोण कायम आहे आणि कोण बदली? कायमची बाई साठीला थकते आणि बदलीची थकत नाही?"

"काकू, नियम मी केला नाही हो."

"ते माहीत आहे. नियम कोणीच केलेला नसतो. नुसता असतो." आणि तिनं फोन बंद केला. फ्रिज उघडला, काही न घेता बंद केला, पुन्हा उघडला. कोबीचं लोणचं काढून कापायला घेतलं आणि एवढं कापलं, की एकट्या बाईला महिना पुरेल.

दोन दिवस ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी ओकनानचा फोन आला. रडत होती. "ताई, मला हात वर होत नाही गं. केस बांधता येत नाहीत. आणि तिथं त्या चौघी मरतायत." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोकशिम शाळेच्या मागच्या दारात उभी होती. तिच्या कपाटावरची नावाची चिठ्ठी काढून टाकली होती. बूट मात्र आत तसेच होते.

आत्याला तिनं हे सगळं फोनवर सांगितलं. सांगायचं म्हणून नाही. बोलता बोलता रागच बाहेर आला. नोटीस, सत्तरीचा हात, बदली. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "त्या न्यायालयात पुन्हा कधी बोलावलंय?"

"चोवीस ऑक्टोबर."

"तोवर लसूण लावून होईल माझा," आत्या म्हणाली.

ती एकटी आली. दोन बस बदलून, फिकट जांभळा रेशमी पोशाख घालून, हातात म्हातारी माणसं धरून चालतात ती ढकलगाडी. दोकशिम न्यायालयाच्या दारात वाट बघत होती. तिच्याकडे पाहून आत्या म्हणाली, "उगाच रागानं बघू नकोस. चल आत, मला लघवीला कुठं जायचं ते आधी दाखव."

न्यायाधीश चाळिशीतल्या बाई होत्या. खोली लहान, समोरासमोर टेबलं. आत्याला खुर्चीत बसवलं तर ती टेबलाआड दिसेचना, म्हणून उशी आणावी लागली.

"आजी, तुम्ही पहिल्यांदा दोनच ओळी दिल्यात," न्यायाधीश म्हणाल्या. "अर्जदाराचं जन्मवर्ष तुम्हाला इतकं नक्की कसं आठवतं?"

"मला वर्षांचे आकडे येत नाहीत बाईसाहेब. पण माझा सांगदो त्याच वर्षी झाला, हिच्या वीस दिवस आधी. पंचांगातलं घोड्याचं वर्ष. त्याची नोंद आहे, कागद आणलाय." तिनं पोशाखाच्या आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. "हिच्या आईला दूध आलं नाही. येणार कुठून, दोन महिन्यांपूर्वी पोर पुरलं होतं. म्हणून एका बाजूला सांगदो आणि एका बाजूला ही, असं मी दोघांना पाजलं. सहा महिने. दोन वर्षांची घोडी माझ्या अंगावर पीत होती म्हणता का तुम्ही?"

न्यायाधीश बाईंच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. "मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

आत्यानं प्लॅस्टिकची नीट घडी घातली.

"कारण ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं. माझा भाऊ गेला होता नोंदवायला. ही म्हणते कंटाळा केला. कंटाळा नाही केला. तो पहाटे निघाला, अकरा किलोमीटर चालत गेला. दोन कामं होती, मेलीचं लिहायचं आणि जन्मलेलीचं लिहायचं. आधी मेलीचं, मग दुसरं. संध्याकाळी आला. मी अंगणातच विचारलं, झालं का? तर तिथंच खाली बसला. म्हणाला, कारकून पुस्तक उघडून बसला होता, म्हणाला नाव सांग, मी नाव सांगितलं. तो म्हणाला, आता कधी मेली ते सांग. आणि माझं तोंडच उघडेना. तसाच उठून आलो. मग बायकोकडे बघून म्हणाला, एक गेली, एक आली, घरात दोकशिम आहेच की. राहू दे." आत्यानं नाक पुसलं. "सरकारला फसवायचं नव्हतं त्याला, बाईसाहेब. पुस्तकात तिला मारायचं नव्हतं. ते पुन्हा कोणी बोलायचं नाही, असं आम्ही घरात ठरवलं. मी आज मोडलं."

लिहून घेणारा माणूस लिहायचा थांबला होता.

दोकशिम खाली मान घालून बसली होती. आयुष्यभर वडिलांवर जो राग धरला, त्याचं आता करायचं काय, हे तिला समजेना. तो मावळला असंही नाही. वडिलांनी तोंड उघडलं असतं तर ही वेळ आली नसती, हे खरं होतंच. पण राग धरायला आता हाताला काही लागत नव्हतं. आणि तेही वैतागाचंच होतं.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "आता काहीतरी खायला घाल. मटणाचं सूप चालेल. आणि रडू नकोस, लोकांना वाटेल हरलो."

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आदेश आला. जन्मतारीख दुरुस्त. सोळा एप्रिल एकोणीसशे सहासष्ट. दासोमनं फोनवर आरडाओरडा केला, जींनी चहा पाजला. दोकशिम कू साहेबांकडे कागद घेऊन गेली. त्यांनी वरच्या कार्यालयाला विचारलं, वरच्यांनी त्याच्याही वरच्यांना. सतरा दिवसांनी पत्र आलं: 'सेवेत पुनश्च रुजू व्हावे.' पत्र द्यायला कू साहेब स्वयंपाकघराच्या दारात आले, तेव्हा ती तिथंच होती, गुडघ्यापर्यंत बूट घालून, माशाचं कालवण ढवळत. सप्टेंबरपासून तिथंच होती.

"काकू, उद्यापासून रुजू व्हायचं."

"आणि आज मी काय करतेय साहेब?"

"आज बदली. उद्यापासून कायम."

तिनं ढवळणं थांबवलं नाही. मधले चार महिने सेवेत धरणार नाहीत, कारण त्या काळात ती 'सेवेत नव्हती', हेही पत्रात खाली लिहिलं होतं. ते तिनं दोनदा वाचलं आणि घडी करून एप्रनच्या खिशात घातलं. भांडायचं होतं, भांडणारही होती. पण अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

जानेवारीत, कार्यालयाला सगळे कागद नव्यानं द्यायचे म्हणून, ती सकाळी सुट्टी काढून वॉर्डाच्या कचेरीत गेली. नंबर घेतला, बसली. खिडकीतल्या मुलीनं कौटुंबिक नोंदीचा नवा उतारा छापून दिला. मा दोकशिम, १६ एप्रिल १९६६. तिनं तो डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचला. आई, बाप, ती. बस्स.

"अहो, एक विचारू? आधीची तारीख होती ना, दहा जुलै चौसष्ट. ती आता कुठं आहे?"

"ती काढली, काकू. तपशिलाचा उतारा घेतलात तर त्यात एक ओळ दिसेल." मुलीनं पडद्यावर बघून वाचलं. "जन्मतारीख चुकीची नोंदल्याने न्यायालयाच्या आदेशानुसार दुरुस्त."

"चुकीची नव्हती ती."

"म्हणजे? तुम्हीच तर अर्ज केला होतात ना?"

"माझी नव्हती. पण चुकीची नव्हती. त्या दिवशी एक मुलगी जन्मली होती खरोखरची. माझी बहीण. तिची होती ती तारीख."

मुलगी गोंधळली. वाईट नव्हती, तिनं खरंच दोन-तीन कळा दाबून पाहिल्या. "काकू, इथं तुमच्या आईवडिलांना एकच मुलगी दिसतेय. दुसऱ्या कोणाची नोंदच नाही. मी काय करणार?"

"तिची आता करता येईल का? नोंद?"

"जन्माचा दाखला आहे?"

"नाही."

"मृत्यूचा?"

"तो तर नाहीच."

"मग..." मुलीनं मागच्या बाकांकडे नजर टाकली. चौदा माणसं बसली होती.

दोकशिम खिडकीपाशी तशीच उभी राहिली. स्वतःची दोन वर्षं परत मिळवायला तिनं दहा महिने घालवले होते, प्रत्येक दारात ओरडली होती. वडिलांना जे तोंडानं सांगता आलं नाही, ते तिनं अर्ज करून, शिक्के मारून पुरं केलं होतं. साठ वर्षं कोणी हात लावला नव्हता अशी एकच ओळ होती त्या पोरीची जगात, आणि ती आता 'चूक' म्हणून बसली होती.

"लिहून देऊ का मी? कागदावर?" तिनं विचारलं. "चुकीची नव्हती एवढंच. तुमच्या फायलीत लावून ठेवा."

"काकू, असं लावता येत नाही हो."

"मग वरच्यांना विचारा."

मुलीनं उत्तर द्यायच्या आधी डोक्यावरच्या पाटीवर पुढचा नंबर उजळला आणि मागून एक माणूस पिशवी सावरत उठला. दोकशिमनं उतारा घडी न करता हातात धरला आणि बाजूला झाली. लिहायचं टेबल भिंतीपाशी होतं. तिथं दोरीला बांधलेलं पेन होतं आणि अर्जाचे कोरे कागद. तिनं घड्याळ पाहिलं. साडेनऊ. शाळेत दहाला कोबी चिरायला हवा होता. तिनं खुर्ची ओढली, एक कागद घेतला, आणि वर विषय लिहायच्या जागी काय लिहावं याचा विचार करत बसली.